उरलंसुरलं

वर्डमध्ये एखादी फाइल उघडून 'सेव्ह ॲज वेब पेज' म्हटलं की एकाच्या दोन वस्तू होतात. हे ज्यांनी कधी केलंय त्यांना माहीत असेल. समजा फाइलचं नाव 'शाखा-३' आहे. तर एक 'शाखा-३.एचटीएम' तयार होते आणि तिच्या शेजारी 'शाखा-३_फाइल्स' असं एक फोल्डर येऊन बसतं. आत डोकावलं तर इमेज००१, इमेज००२, एक 'फाइललिस्ट.एक्सएमएल', वर्ड जरा नवीन असेल तर थीम आणि रंगांच्या आणखी दोन-तीन फायली... आपण तर एकच प्रकरण दिलं होतं, ही पिलावळ कुठून आली?

मग माणसाच्या स्वभावाप्रमाणे दोनपैकी एक गोष्ट होते. टापटीप माणसं ते फोल्डर उडवतात. बाकीची माणसं जे जे दिसतंय ते ते सगळं सर्व्हरवर चढवून मोकळी होतात.

माझ्या माहेरच्या कुलवृत्तांताची वेबसाइट गेली काही वर्षं मी सांभाळते आहे आणि त्या निमित्ताने दोन्ही जातींच्या माणसांशी माझी गाठ पडली आहे. (कुलवृत्तांतात आता माहेरवाशिणींचीही नावं असतात बरं का, नुसती नावं नाहीत, कामंही!) आमचं पुस्तक १९९७ साली छापून निघालं. २००७ मध्ये चुलतभावाच्या मुलाने, तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता, हौसेने ते नेटवर चढवलं. प्रत्येक शाखेची वर्डची एक फाइल, अशा चौदा शाखा. म्हणजे चौदा पानं आणि चौदा फोल्डरं. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, आणि २०१८ मध्ये तो सगळा संसार एका पेन ड्राइव्हवर माझ्याकडे आला. सोबत एक ओळ, "आत्या, तूच बघ आता."

बघायला बसले तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडे कुलवृत्तांत थोडा आणि उरलंसुरलंच जास्त आहे.

आधी त्या फोल्डरविषयी. विंडोजवर ते एचटीएम पान आणि त्याचं फोल्डर यांची लग्नगाठ बांधलेली असते. एक्सप्लोररमध्ये पान उचलून दुसरीकडे ठेवलं की फोल्डर मुकाट्याने मागे जातं. पान डिलीट केलं की फोल्डरही सती जातं! पण ही गाठ फक्त विंडोजच्या घरात. सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो, त्याला हे नातं ठाऊक नसतं. ईमेललाही नसतं. आमच्या संपादक मंडळातले नानाकाका, वय तेव्हा एक्क्याऐंशी, त्यांना कुणीतरी नुसतं एचटीएम पान मेलने पाठवलं. त्यांचा फोन आला, "अगं, तुमच्या त्या कॉम्प्युटरने आपल्या सगळ्या पूर्वजांचे फोटो खाल्ले की! नुसत्या चौकटी उरल्यात." पूर्वज कुठे गेले नव्हते. ते पाठवणाऱ्याच्या मशीनवर फोल्डरमध्ये सुखरूप होते. पानात फोटो नसतोच मुळी, फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता फक्त असतो.

म्हणजे फोल्डर सरसकट उडवायचं नाही. आणि सरसकट ठेवायचंही नाही, कारण त्यातलं निम्मं वाचणाऱ्यासाठी नसतंच. ते वर्डने स्वतःसाठी ठेवलेलं असतं, पुढे कधी हेच पान परत वर्डमध्ये उघडलं तर आधीसारखं दिसावं म्हणून. ब्राउझरला त्या थीमच्या फायली नकोत, फाइललिस्ट नको. बऱ्याचदा एकाच फोटोच्या दोन प्रती असतात, एक मूळ आकाराची आणि एक पानात दिसते तेवढी. मग कुठली ठेवायची? याला अंदाजाचा उपयोग नाही. एचटीएम पान साध्या नोटपॅडमध्ये उघडायचं आणि ते कोणाकोणाला नावाने हाक मारतंय ते बघायचं. ज्याचं नाव पानात आहे ते राहील. ज्याचं नाही ते बाजूला काढायचं. 'बाजूला' म्हणतेय मी, कचऱ्यात नव्हे. मी एक 'अडगळ' नावाचं फोल्डर केलं होतं. त्यात टाकायचं आणि मग दुसऱ्याच एखाद्या कॉम्प्युटरवरून सगळी पानं उघडून बघायची. आपल्याच मशीनवर बघितलं तर फसगत होते. कधी ब्राउझर साठवलेली जुनी प्रत दाखवतो, कधी पानातला पत्ता थेट आपल्या सी ड्राइव्हचाच असतो, त्यामुळे घरी सगळं छान दिसतं आणि जगाला चौकटी.

आणि हो, सर्व्हर लिनक्सचा असला तर 'जेपीजी' कॅपिटल अक्षरांत आणि स्मॉल अक्षरांत या दोन वेगळ्या फायली. विंडोजला दोन्ही सारख्याच. यात माझी एक अख्खी दुपार गेली, जास्त काही सांगत नाही.

इमेज०३७ हे काही नाव नाही, तो नुसता रांगेतला नंबर आहे. वर्डच्या फाइलमध्ये मधेच एक फोटो घातला आणि परत वेब पेज केलं की पुढचे सगळे नंबर सरकतात. २००७ ते २००९ या काळात आमच्या एका शाखेचं पान तीनदा नव्याने केलेलं होतं आणि दर वेळी जुन्या फोल्डरवरच नवं ओतलेलं. कधी अर्धंच अपलोड झालेलं. परिणाम असा, की सातव्या शाखेत एका पणजीच्या नावावर जवळजवळ नऊ वर्षं भलत्याच बाईंचा फोटो होता. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण दोघीही नऊवारीत, दोघींच्याही नाकात नथ, दोघीही कॅमेऱ्याकडे सारख्याच भेदरून बघत असलेल्या. पणजीला प्रत्यक्ष पाहिलेली एकच व्यक्ती हयात होती आणि ती नेटवर जात नव्हती. आता प्रत्येक फोटोचं नाव मी शाखा, पिढी आणि व्यक्तीच्या क्रमांकावरून ठेवते.

इथपर्यंतचा सगळा प्रकार त्रासाचा, पण निरुपद्रवी. आता दुसरी बाजू. (इथून पुढचे काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. कारण लगेच कळेल.)

१९९७ चा मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. तेव्हा ती सोयच नव्हती. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आलं ते विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टबरोबर. त्याआधी मराठी टाइप करणं म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी अक्षरं बसवणं. श्रीलिपी, शिवाजी, किरण, हिंदीवाल्यांचा कृतिदेव, प्रत्येकाची बसायची व्यवस्था वेगळी. फॉन्ट असेल तर मराठी दिसायचं, नसेल तर डॉलरची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं आणि टोपी घातलेले 'ए'. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा मराठी साइटवर आधी 'फॉन्ट उतरवून घ्या' अशी पाटी असायची. आमच्याही होती.

२०१८ मध्ये मी हे सगळं युनिकोडमध्ये आणायला घेतलं. एका कन्व्हर्टरमधून पहिल्या शाखेचं पान काढलं आणि सवयीने त्याचं सोर्स उघडून वाचायला लागले. तर पानावर न दिसणाऱ्या ओळी आत होत्या. वर्डमध्ये अक्षरांना 'हिडन' करायची सोय आहे. अशी अक्षरं छापली जात नाहीत. संपादक मंडळाने आपापसातल्या टिपा अशा लपवून लिहिल्या होत्या. कल्पना चांगलीच होती, पुस्तकात एकही टीप आली नाही. पण वर्ड वेब पेज करताना ती अक्षरं काढून टाकत नाही, फक्त 'दाखवू नका' अशी सूचना लावून पानातच ठेवून देतो. बहुतेक टिपा साध्या होत्या. 'जन्मसाल तपासणे.' 'वर्गणी बाकी.' 'यांचे पत्राला उत्तर नाही.' आणि एका शाखेत एका मुलीच्या नावापुढे होतं, 'दत्तक. मुलीस सांगितलेले नाही. छापू नये.'

ती मुलगी आता चाळिशीची आहे. माझ्या ओळखीची आहे.

मी उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. म्हणजे ही ओळ २००७ पासून उघड्या जगात होती. अकरा वर्षं ती कुणी वाचली नाही याचं कारण कुणी ती सांभाळली होती असं नव्हे. ती त्या जुन्या फॉन्टच्या भाषेत होती, म्हणून सर्च इंजिनला ती म्हणजे डॉलर आणि टोपीवाले 'ए' एवढंच दिसत होतं. युनिकोड करून ते पान मी तसंच चढवलं असतं तर? ते वाक्य त्या क्षणी शुद्ध, शोधता येण्याजोगं मराठी झालं असतं. कुणीही तिचं नाव मराठीत टाइप केलं असतं तर हे पान समोर येणं शक्य होतं.

त्याच संध्याकाळी मी जुनी साइट बंद केली. मग सर्व्हरवर आणखी काय काय आहे ते बघितलं. मूळ वर्डच्या चौदाही फायली तिथेच, एका 'बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये! त्यांची लिंक कुठेही नव्हती, पण ज्या फोल्डरमध्ये 'इंडेक्स' नावाचं पान नसतं आणि सर्व्हरवर यादी दाखवायची सोय चालू असते, तिथे नुसता पत्ता टाकला की आतल्या सगळ्या फायलींची यादी समोर येते. दुकानाला शटर आहे पण खाली ओढलेलंच नाही, तसं. ही यादी बंद करणं हे एका ओळीचं काम आहे, होस्टिंगवाल्यांना सांगितलं तरी करून देतात. काही जण 'रोबोट्स.टीएक्सटी' फाइलमध्ये 'इकडे येऊ नका' असं लिहून निर्धास्त होतात. ती फाइल कुणालाही वाचता येते. म्हणजे तिजोरी कुठे आहे याचीच पाटी.

इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन १९९६ पासूनची पानं साठवत आलंय. त्यात आमच्या साइटच्या दोन प्रती सापडल्या. साइटच्या मालकांनी विनंती केली तर तिथली पानं लोकांसाठी बंद करता येतात. मी तशी मेल पाठवली आणि ते झालं. सर्व्हरच्या नोंदी जेवढ्या जुन्या मिळाल्या तेवढ्या चाळल्या. त्या 'बॅकअप'मध्ये माणूस म्हणावं असं कुणी शिरलेलं दिसलं नाही. पण नोंदी शेवटच्या तीन महिन्यांच्याच होत्या. त्याआधीच्या दहा वर्षांचं काय?

हे आपल्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असं नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाने इराकविषयीचं एक टिपण आपल्या साइटवर वर्डच्या फाइलच्या रूपात ठेवलं होतं. त्या फाइलच्या पोटात ती शेवटच्या दहा वेळा कुणी सेव्ह केली त्याची नोंद नावांसकट तशीच होती. लोकांनी ती काढून वाचली. त्यातला बराच मजकूर एका संशोधकाच्या लेखातून उचललेला होता हे आधीच उघड झालं होतं, त्यात ही भर. एवढ्या मोठ्या कार्यालयात कुणी फाइलच्या पोटात बघितलं नाही, मग आमचं संपादक मंडळ काय बघणार!

वर्डने केलेल्या वेब पानाच्या डोक्यात लेखकाचं नाव, शेवटचा हात कुणाचा, कंपनीचं नाव, किती मिनिटं काम चाललं हेसुद्धा लिहिलेलं असतं. 'वेब पेज, फिल्टर्ड' असा पर्याय निवडला तर वर्डचा स्वतःचा बराच पसारा गळतो. पण तो सोवळ्याचा पर्याय आहे असं समजू नये, पान नजरेखालून घालावंच लागतं. फोटो कापून लहान केला असेल तर कापलेला भाग फाइलमध्ये राहिलेला असू शकतो. विंडोज एक्सपीच्या काळातल्या प्रत्येक फोटोंच्या फोल्डरमध्ये 'थम्ब्स.डीबी' नावाची लपलेली फाइल सापडते. त्यात फोटोंच्या छोट्या प्रती असतात, मूळ फोटो डिलीट केला तरी. आमच्याकडे एका घरातून घटस्फोटानंतर 'तो लग्नाचा फोटो काढा' अशी विनंती आली होती. फोटो काढलेला होता. पण थम्ब्स.डीबीमध्ये नखाएवढे दोघंही हसत उभे होते.

मग पद्धत बदलली. पूर्वी आम्ही कामाचं फोल्डर साफ करून तेच चढवत होतो. आता ते मी करत नाही. साफसफाई कितीही केली तरी काहीतरी राहतंच, कारण काय काढायचं हे आपल्याला आठवावं लागतं. त्याऐवजी एक कोरं, रिकामं फोल्डर घ्यायचं आणि पान ज्यांना हाक मारतं तेवढ्याच फायली त्यात आणून ठेवायच्या. तेच सर्व्हरवर जातं. पंगतीत आपण पातेली आणून मांडत नाही, पानात वाढतो. पातेली स्वयंपाकघरात. वर्डच्या फायली, स्कॅन, टिपा, सगळं स्वयंपाकघरात. अर्थात, पानात वाढलेला मजकूरही कोरा हवा, म्हणून लपलेली अक्षरं शोधायला प्रत्येक पानाचं सोर्स वाचते. चौदा शाखांमध्ये अशा त्रेसष्ट टिपा निघाल्या.

मग स्वयंपाकघराचं काय? इथे आमच्यात मतभेद झाले. नानाकाकांना मी घरी जाऊन ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. टीप त्यांच्याच सांगण्यावरून घातलेली होती. म्हणाले, "सगळं पुसून टाक. मूळ फायलींसकट. आता युनिकोड झालंय ना?"

मी म्हटलं, "नानाकाका, पुसलं तर बाकीचं पण जाईल."

कारण कन्व्हर्टर चुका करतात आणि त्या चुका मराठी असतात. रफार एक अक्षर अलीकडे जातो. पहिली वेलांटी भलत्यावर बसते. सगळ्यात वाईट म्हणजे 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतला फरक जातो. आमच्या एका पूर्वजाने 'आचाऱ्यांना' जमीन दिली की 'आचार्यांना', म्हणजे स्वयंपाक्यांना की गुरूंना, हे नव्या पानावरून ठरत नाही. मूळ फाइल उघडून, मूळ फॉन्ट लावून बघावं लागतं. आणि त्या फॉन्टची इवलीशी टीटीएफ फाइल? ती २००७ च्या साइटवर 'फॉन्ट उतरवून घ्या'च्या पाटीमागे होती. युनिकोड झाल्यावर सगळ्यात आधी जी 'आता काय उपयोग' म्हणून उडवली जाते ती हीच. ती गेली की १९९७ च्या चौदा फायली आहेत पण वाचता येत नाहीत. कुलूप शाबूत, किल्ली भंगारात. मला तो फॉन्ट पेन ड्राइव्हवर मिळाला तो केवळ कुणी आवराआवर केली नव्हती म्हणून.

अशाच आवराआवरीतून आणखी एक वस्तू वाचली. त्या मुलाने २००७ मध्ये घरोघरी हिंडून जुने फोटो स्कॅन केले होते, ६०० डीपीआयने, टिफ फायली. सहा बाय चार इंचाचा फोटो असा स्कॅन केला की ३६०० बाय २४०० ठिपके होतात. वेबसाठी त्याने त्याची ४०० ठिपके रुंदीची प्रत केली आणि टिफच्या सीड्या एका पाकिटात घातल्या. पाकिटावर कुणीतरी लिहिलं होतं, 'जुने, काढून टाकणे'. २०१८ मध्ये मी त्या सीड्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. दोन वाचल्याच गेल्या नाहीत, नऊ वाचल्या गेल्या. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं. आमच्या आत्याबाईंच्या तळमजल्यावरचं कपाट चार दिवस पाण्यात होतं. अल्बम बाहेर काढला तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली आणि फोटोंचा रंग बोटाला येत होता. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "जाऊ दे गं, साइटवर आहेत ना." साइटवरचा ४०० ठिपक्यांचा फोटो नीट छापायचा तर सव्वा इंचाच्या वर जात नाही. त्यांना त्यांच्या आईवडिलांचा फोटो भिंतीवर लावायचा होता. टिफमधून दहा बाय आठचा काढून पाठवला. उरलेले दोन सीड्यांतले फोटो मात्र गेले. त्यात त्यांच्या मोठ्या बहिणीचा एकुलता एक होता.

तर मूळ फायली पुसायच्या नाहीत यावर शेवटी एकमत झालं, पण ती एक ओळ? हार्ड डिस्कच्या तीन प्रती तीन घरांत राहणार, कुणीही नातवंड उघडणार. शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं ते असं. तिन्ही घरांत गेलेल्या प्रतींमधून त्रेसष्टच्या त्रेसष्ट टिपा काढल्या. वर्डची जुनी फाइल कधी कधी पुसलेलं अक्षर पोटात ठेवते, म्हणून नुसतं पुसून तीच फाइल सेव्ह केली नाही. मजकूर नव्या कोऱ्या फाइलमध्ये नेला, जुना फॉन्ट तसाच ठेवून, आणि त्या फायली नोटपॅडमध्ये उघडून परत शोधलं. अस्पर्श मूळ फायलींची एकच सीडी उरली. ती नानाकाकांनी पाकिटात घालून, वर सही करून, स्वतःच्या कपाटात ठेवली. फॉन्टची फाइल मी तिच्यात घातली नाही. ती माझ्याकडे आहे.

नानाकाका २०२२ मध्ये गेले. कपाट त्यांच्या सुनेने आवरलं. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी ते पाकीट माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "यात काय आहे हो, ताई? टाकून देणार होते, पण वर सही बघितली."

मी म्हटलं, "कुलवृत्तांताचं जुनं काहीतरी." ते पाकीट आता माझ्या कपाटात आहे, आणि फॉन्ट भावाच्या मुलीच्या मशीनवर. तिला एवढंच सांगितलंय, की ही फाइल डिलीट करू नकोस, आणि कुठे चढवूही नकोस.